गव्याच्या घरी पाहुणे



आपल्या वैभववाडी तालुक्यात कुठेही उभे राहा आणि उगवतीकडे तोंड करा. समोर सह्याद्रीची भिंत दिसेल. सकाळी ती निळी असते. दुपारी करडी होते. पावसाळ्यात तिच्या अंगावरून पांढरे ओहोळ खाली धावतात. ही भिंत आपण जन्मल्यापासून बघत आलो. पण तिच्या माथ्यावर काय आहे, ते आपल्यापैकी किती जणांनी जाऊन बघितले आहे?

घाट चढून आपण कोल्हापूरला जातो. कुणी दवाखान्यासाठी जातो, कुणी बाजारासाठी, कुणी अंबाबाईच्या दर्शनाला. एसटी वळणे घेऊ लागली की कुणाला गाडी लागते, कुणाचा डोळा लागतो. डोळे उघडतात ते गाव आल्यावर. मधले रान तसेच राहून जाते. 'दुरून डोंगर साजरे' अशी म्हण आहे. या धड्यात आपण डोंगर जवळून बघू. त्या रानात एक दिवस मुलाबाळांसह कसे जावे, तिथे काय बघावे आणि कसे वागावे, ते शिकू.

या रानाचे सरकारी नाव आहे राधानगरी वन्यजीव अभयारण्य. आपल्याकडे त्याला दाजीपूरचे जंगल म्हणतात. कोल्हापूर शहरापासून दाजीपूर सुमारे ८० किलोमीटर आहे. आपल्याकडून ते त्याहून जवळ. फोंडाघाट चढला की दाजीपूर आलेच.

अभयारण्य म्हणजे काय?

शब्द मोठा आहे, पण फोडला की सोपा होतो. अ-भय म्हणजे भीती नसणे. अरण्य म्हणजे रान. ज्या रानात प्राण्यांना माणसाची भीती नाही, ते अभयारण्य. तिथे शिकार करायची नाही. परवानगीवाचून झाड तोडायचे नाही. बंदूक, कोयता घेऊन शिरायचे नाही. आग लावायची नाही. हा नुसता उपदेश नव्हे, हा कायदा आहे. १९७२ साली वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा देशभर झाला, त्यात हे सर्व लिहिले आहे.

पूर्वी हे रान कोल्हापूर संस्थानचे राखीव शिकारीचे रान होते. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ पर्यंत कोल्हापूरवर राज्य केले. रान राखीव होते म्हणून त्यावर कुऱ्हाड कमी चालली. पुढे संस्थाने गेली, स्वराज्य आले. १९५८ साली दाजीपूरचे रान गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. आजच्या महाराष्ट्रातले हे पहिले अभयारण्य. १९८५ साली त्याची हद्द वाढवली. आता ते ३५१ चौरस किलोमीटर आहे.

हा आकडा डोळ्यांसमोर कसा आणायचा? एक चौरस किलोमीटर म्हणजे शंभर हेक्टर, म्हणजे सुमारे २४७ एकर. आता गुणाकार करा. ८६ हजार एकरांहून अधिक जमीन होते. गुंठ्यांवर संसार करणाऱ्या आपल्या माणसांना हा आकडा फार मोठा वाटेल. पण एका गव्याच्या कळपाला चारा आणि पाणी शोधत रोज किती हिंडावे लागते, हे कळले की तो तेवढा मोठा वाटत नाही.

रान राखून ठेवण्याची ही कल्पना जगभर आहे. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोन नावाचे राष्ट्रीय उद्यान झाले. ते जगातले पहिले. आपल्या देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान १९३६ साली हिमालयाच्या पायथ्याशी झाले. आज त्याला कॉर्बेट म्हणतात. आपले चाकरमानी मुंबईला असतात, त्यांना बोरिवलीचे उद्यान ठाऊक असते. रविवारी मुलांना घेऊन ते तिथे जातात, कान्हेरीची लेणी बघतात. एवढ्या मोठ्या शहराला लागून रान राहिले, याचे परदेशी लोकांना नवल वाटते. मुंबईला बोरिवली, तसे कोल्हापूरला आणि आपल्याला दाजीपूर.

२०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. त्यांत महाराष्ट्रातल्या चार आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. आपल्या उगवतीच्या रानाची नोंद अशी साऱ्या जगाच्या वहीत झाली आहे.

एक रास्त प्रश्न

इथपर्यंत वाचून झाले की रात्रीच्या वर्गात कुणीतरी हात वर करतोच. तो म्हणतो, "गुरुजी, गवे आमचा भात खातत, आणि तेंकाच बघूक आमी पैशे मोडून जावचा?"

प्रश्न रास्त आहे. तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. डोंगराच्या कडेच्या वाड्यांत गवा आता नवा राहिलेला नाही. रात्री कळप खाली उतरतो. भात खातो, ऊस खातो, केळीचा बाग तुडवतो. खातो त्यापेक्षा तुडवतो जास्त. वई मोडून पडते. घरचा कर्ता माणूस मांगरात बसून रात्र जागवतो, डबे वाजवतो, आणि सकाळी पुन्हा कामाला उभा राहतो. ज्याच्या पिकाचा एका रात्रीत चिखल झाला, त्याला गव्याचे कौतुक सांगू नये.

तरीही मी म्हणतो, जा. जाऊन त्याला त्याच्या घरी बघा. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झाले, तर शहाणा माणूस आधी शेजाऱ्याची बाजू काय आहे ते बघतो. मग भांडण मिटते असे नाही. पण कुठे आवाज चढवायचा, कुठे मागे सरायचे, ते कळते. गव्याच्या बाबतीत हे कळणे जिवाशी गाठ घालणारे आहे.

गवा कसा ओळखावा?

लोक त्याला गवारेडा म्हणतात. पण तो रेडा नव्हे. त्याचे नाते म्हशीपेक्षा गाईबैलांशी जवळचे आहे. जगातल्या सगळ्या रानबैलांत तो आकाराने मोठा. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी सहा फुटांपर्यंत उंच भरतो. वजन दहा क्विंटलपर्यंत जाते. आपल्या गावठी जातीचे तीन-चार बैल एकत्र केले, तर तेवढे वजन होईल.

नराचा रंग काळा. मादी आणि वासरे तांबूस तपकिरी. पायांना गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात. ही खूण कधी चुकत नाही. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच वरंबा असतो आणि तिथे तो एकदम खाली उतरतो. शिंगे बाहेर जाऊन वर वळतात. टोके काळी असतात.

गवे कळपाने राहतात. कळपात माद्या, वासरे आणि तरणे नर असतात. म्हातारा नर पुष्कळदा एकटा हिंडतो. मादी सुमारे नऊ महिन्यांनी विते, अगदी आपल्या गाईसारखी. सकाळी आणि सांजवेळी कळप चरायला उघड्यावर येतो. भर उन्हात दाट सावलीला बसून रवंथ करतो. गवत, कोवळे कोंब, पाने, झाडाची साल हे त्याचे खाणे. त्याचे नाक फार तिखट असते. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल, तर आपण दिसण्याआधी त्याला आपला वास लागतो.

स्वभावाने गवा भित्रा आहे. माणसाची चाहूल लागली की तो मान वर करतो, रोखून बघतो, नाकाने जोरात फुंकर टाकतो आणि रानात शिरतो. हल्ला करतो तो तीन वेळा : वाट अडली तर, वासराला धोका वाटला तर, आणि जखमी झाला किंवा पाठलागाने बेजार झाला तर. कधी नर आपल्यासमोर आडवा उभा राहतो आणि आपले सबंध अंग दाखवतो. त्याचा अर्थ 'बघ मी केवढा आहे, मागे सर' असा आहे. अशा वेळी पाठ न दाखवता हळूहळू मागे सरावे. धावू नये. फोटो काढायला पुढे तर मुळीच जाऊ नये.

दोन गोष्टी लक्षात ठेवा

२०२० सालच्या डिसेंबरात पुण्याच्या कोथरूड भागात एक गवा शिरला. लोकांनी गर्दी केली. कुणी ओरडले, कुणी मागे धावले, कुणी मोबाइल पुढे केला. तो बिचारा भिंतींवर, फाटकांवर धडका देत पळत राहिला. तोंडातून रक्त आले. शेवटी त्याला भूल देऊन पकडले. पण तो जगला नाही.

दुसऱ्या वर्षी, २०२१ च्या डिसेंबरात, कोल्हापूरच्या आसपास गवे आले. तिथेही बघ्यांची रीघ लागली. त्या दिवसांत गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला.

एका ठिकाणी गवा मेला, दुसऱ्या ठिकाणी माणूस मेला. दोन्ही ठिकाणी बघ्यांची गर्दी होती. तेवढे मोठे जनावर बिथरले तर काय होते, हे त्या गर्दीला ठाऊक नव्हते. ज्याने गव्याला रानात, त्याच्या जागी, शांतपणे चरताना बघितले आहे, तो माणूस वाडीत गवा आल्यावर आरडाओरडा करीत मागे धावणार नाही. तो दुसऱ्यालाही आवरील. सहलीचा हा पहिला लाभ आहे.

गवा खाली का येतो?

याला एकच कारण नाही. पूर्वीपेक्षा शिकार कमी झाली, त्यामुळे गवे जगतात आणि वाढतात. हे खरे आहे. पण दुसरी बाजूही खरी आहे. उन्हाळ्यात रानातले पाणवठे आटतात. वणवा लागला की गवत जळते. रानाच्या कडेची झाडी तुटली आणि तिथपर्यंत शेते, बागा गेल्या. गव्याची जुनी वाट जिथून जात होती, तिथे आता ऊस उभा आहे. उसाची चव एकदा लागली की जनावर ती विसरत नाही.

म्हणून अभयारण्यात पाणवठे राखावे लागतात, गवताची कुरणे राखावी लागतात, मिठाचे चाटण ठेवावे लागते. वर पोट भरले तर खाली उतरणारे कमी होतील. सगळे थांबतील असे मी म्हणत नाही. पण रान उजाड झाले तर सगळेच उतरतील, हे नक्की.

पाण्याचा हिशेब

आता रानाचा दुसरा उपयोग बघू. तो गव्यापेक्षाही मोठा आहे.

सह्याद्रीच्या धारेवर पाऊस कसा कोसळतो, ते आपल्याला सांगायला नको. धार म्हणजे डोंगराचा सर्वांत उंच काठ. तिथे पडलेला एक थेंब मावळतीला घसरला, तर कोकणातल्या नदीने काही मैलांत अरबी समुद्राला मिळतो. तोच थेंब हातभर पलीकडे पडला, तर भोगावतीत जातो, भोगावतीतून पंचगंगेत, पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि शेकडो मैल चालून बंगालच्या उपसागरात.

या रानाच्या उगवतीच्या अंगाला भोगावती आणि दूधगंगा या नद्यांचे पाणी अडवले आहे. भोगावतीवरचे राधानगरीचे धरण शाहू महाराजांनी सुरू केले. पैशाअभावी ते मध्ये थांबले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. त्याला सात दरवाजे असे आहेत की तलाव भरला की ते आपोआप उघडतात. दूधगंगेवर काळम्मावाडीचे धरण आहे. या पाण्यावर कोल्हापूरकडचा ऊस उभा राहतो, आणि शहराच्या नळालाही हे पाणी येते.

मावळतीच्या अंगाला आपण आहोत. आपली शुक नदी, कणकवलीची गड नदी, सगळ्यांचे माहेर सह्याद्रीच. झाडांची मुळे आणि कुजलेला पाचोळा पावसाचे पाणी धरून ठेवतात. ते जमिनीत मुरते आणि पुढे कितीतरी महिने झऱ्यांनी बाहेर येते. मुरलेले पाणी कसे वर येते, ते बघायचे असेल तर आपल्याच तालुक्यात नाधवड्याला महादेवाच्या देवळाजवळचा उमाळा बघा. डोंगर बोडका झाला तर पाणी मुरत नाही. ते आषाढात माती घेऊन एकदम खाली येते आणि फाल्गुनात विहिरीचा तळ दिसतो. हंडा घेऊन लांब जावे लागते ते बायकांना. म्हणून रानाचा हिशेब बायांनी पुरुषांहून अधिक ध्यानात ठेवावा.

जायचे कधी आणि कसे?

पावसाळ्यात अभयारण्य बंद असते. रस्ते वाहून जातात, जळवा असतात, शिवाय रानालाही विसावा लागतो. दिवाळीनंतर थंडी पडली की जावे. उन्हाळ्यात पाणवठ्याजवळ जनावरे अधिक दिसतात, पण लहान मुलांना ऊन सोसत नाही. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, राधानगरीच्या बाजूला झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात. ते बघायला दूरदूरचे लोक येतात. काजवे बघताना मात्र बॅटरी आणि मोटारीचे दिवे बंद ठेवावे लागतात, कारण उजेडाने ते गडबडतात.

निघण्याआधी चौकशी करावी. फाटक कधी उघडते, कोणत्या दिवशी बंद असते, दर काय आहे, हे वेळोवेळी बदलते. वनखात्याच्या कचेरीत विचारावे.

वैभववाडीकरांनी आधी फोंड्याला यावे. फोंडाघाट चढून कोल्हापूरकडे जाणारी एसटी दाजीपूरवरून जाते. २०२३ पासून एसटीत बायांना अर्धे तिकीट आहे. आजी-आजोबा पंच्याहत्तरीच्या पुढचे असतील, तर त्यांना तिकीटच नाही. त्यांचे वय दाखवणारे ओळखपत्र तेवढे जवळ ठेवा. मग आजीला घरी का ठेवायचे? पायी फार चालणे तिला जमणार नाही, पण रानात फिरवायला गाड्या मिळतात. दोन-तीन कुटुंबांनी मिळून गाडी केली तर खर्च वाटला जातो.

फाटकाशी एक पाटी असते. तिथे तुमच्या शिक्षणाची परीक्षा होते. ती दुसऱ्याला वाचायला सांगू नका. स्वतः वाचा. मोठ्या माणसाचा दर, मुलाचा दर, गाडीचा दर, कॅमेऱ्याचा दर वेगवेगळा लिहिलेला असतो. आपली माणसे मोजा, बेरीज करा, पैसे द्या, पावती घ्या आणि पावतीवरचा आकडा ताडून बघा. दुसरी पाटी असते नियमांची. ती मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या.

आत गेल्यावर

पहिला नियम गप्प राहण्याचा. मोबाइलवर गाणी नकोत, भोंगा नको, हाका नकोत. मुलांना सांगावे, 'काही दिसलं तर बोटानं दाखवायचं, तोंडानं नाही.' मुलांना हा खेळ फार आवडतो.

दुसरा नियम रंगाचा. लाल, पांढरे, भडक कपडे नकोत. मातीच्या, पानाच्या रंगाचे जुने कपडे बरे.

तिसरा नियम खाण्याचा. घरची भाकरी, चटणी, उकडलेली अंडी फडक्यात बांधून न्या. पाणी घरून भरून न्या. प्लास्टिकच्या पुड्या नेऊ नका. नेल्याच तर रिकामी पुडी आपल्याच पिशवीत परत आणा. खाऱ्या पुडीच्या वासाने जनावर ती पुडीसकट गिळते आणि पोट बांधून मरते. माकडांना खायला घालू नका. आज तुम्ही घातलेत तर उद्या ते दुसऱ्याच्या हातातून ओढून घेईल.

चौथा नियम आगीचा. विडी, सिगारेट, काड्याची पेटी गाडीतच राहू द्या. वाळक्या गवतात एक थोटूक पुरते.

पाचवा नियम वाटेचा. वाट सोडून आत शिरू नका. वनरक्षक किंवा वाटाड्या सांगेल ते ऐका. तो याच मातीतला माणूस असतो. पुस्तकात नसलेले त्याला ठाऊक असते.

फाटकातून आत गेल्याबरोबर गवे दिसतील असे समजू नका. ही सर्कस नव्हे. आधी खुणा वाचायला शिका. अक्षरे वाचायला शिकलात, तशी ही रानाची लिपी. ओल्या मातीत खुरांचे ठसे दिसतील. ताजे शेण दिसेल. झाडाच्या बुंध्याला शिंगे घासल्याच्या खुणा दिसतील. उंच फांदीवर काटक्यांचा मोठा गोळा दिसला तर ते शेकरूचे घरटे. शेकरू म्हणजे झुपकेदार शेपटीची मोठी खार. ती महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. हिरव्या-पिवळ्या रंगाचा हरियाल दिसला तर तो आपला राज्यपक्षी. डोक्यावरून मोठ्या पंखांचा फडफडाट झाला, तर वर बघा, धनेश जात असेल.

झाडे ओळखा. जांभूळ, हिरडा, अंजनी, आंबा, फणस, उंबर ही तर आपलीच. करवंदीच्या जाळ्या आहेत. शिकेकाई आहे. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. फुलली की सारा उतार जांभळा होतो. मध्ये मध्ये कातळाचे सपाट सडे लागतात. सडा आपल्याला नवा नाही. पण इथल्या सड्यावर पावसानंतर गवत आणि रानफुले उगवतात, आणि गवे तिथेच चरायला येतात. सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या, कोळसुंदेही या रानात आहेत. ती दिसतीलच असे नाही. न दिसली तरी ती आपल्याला बघत असतात.

मी शाळेत होतो तेव्हा एकदा सातवीची मुले घेऊन एका सड्याच्या कडेला बसलो होतो. पाऊण तास कुणी हूं की चूं केले नाही. मग समोरच्या झाडीतून एक मादी आली. तिच्या मागे वासरू. मग आणखी सहा-सात. आमच्यातला एक मुलगा डोंगरकडेच्या वाडीतला. गव्यांनी त्यांची नाचणी त्याच साली खाल्ली होती. तो बराच वेळ बघत राहिला. परत येताना म्हणाला, "गुरुजी, वासरू मधे घालून चालतात हो ते." एवढेच बोलला. नाचणीबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही बोललो नाही.

नुकसान झाले तर

रान बघून झाले. आता पुन्हा शेताकडे येऊ. गव्याने पीक खाल्ले, गुराला किंवा माणसाला मारले, तर सरकारकडून भरपाई मिळण्याची सोय आहे. ती आपोआप घरी येत नाही, मागावी लागते.

असे करावे. नुकसान दिसल्याबरोबर वनरक्षकाला किंवा वनपालाला कळवावे. उशीर करू नये, कारण अर्जाला मुदत असते आणि पावसाने खुणा पुसल्या जातात. तुडवलेल्या पिकाचे आणि खुरांच्या ठशांचे फोटो काढून ठेवावे. लेखी अर्ज द्यावा. अर्जावर आपले नाव, गाव, गट नंबर, पीक, किती गुंठे नुकसान झाले आणि कोणत्या तारखेला, ते स्पष्ट लिहावे. सातबारा उतारा आणि बँकेच्या पुस्तकाची प्रत जोडावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पंचनामा करायला माणसे आली की आपण स्वतः शेतात हजर राहावे. पंचनाम्यात काय लिहिले, ते सही करण्याआधी वाचावे. पाच गुंठ्यांच्या जागी दोन गुंठे लिहिले असतील तर तिथेच सांगावे. न वाचता अंगठा देण्याचे दिवस आपण मागे टाकले आहेत. आता न वाचता सहीही देऊ नये.

रागाच्या भरात फासे लावू नका, वईत विजेची तार सोडू नका. गवा मारला तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. आणि त्या तारेला रात्री गवाच लागेल असे नाही. शेजाऱ्याचे पोर लागेल, आपलाच बैल लागेल.

शेवटी एवढेच

गवा आपला देव नाही आणि वैरीही नाही. तो शेजारी आहे, आणि शेजारी बदलता येत नाही. त्याचे घर शाबूत राहिले तर आपली नदी वाहती राहील, आणि तो आपल्या शेतात कमी येईल. त्याच्या घरी एकदा पाहुणे म्हणून जा. पाहुणा दारात चपला काढतो, हळू बोलतो, दिलेल्या जागी बसतो आणि जाताना कचरा ठेवून जात नाही. तसेच तिथे वागा. मुलांना बरोबर न्या. पुढे हे रान त्यांच्याच हाती जायचे आहे.

कठीण शब्द

अभय – भीती नसणे
पाणवठा – जनावरे पाणी पितात ती जागा
चाटण – जनावरांनी चाटावे म्हणून ठेवलेले मीठ
धार – डोंगराचा सर्वांत उंच काठ
पंचनामा – नुकसान प्रत्यक्ष बघून पंचांसमोर लिहिलेला कागद
पोच – अर्ज मिळाल्याची सही आणि तारीख

प्रश्न

१. राधानगरी अभयारण्य कोणत्या साली झाले? ते किती मोठे आहे?
२. गवा ओळखण्याच्या तीन खुणा सांगा.
३. गवा कोणत्या तीन वेळी हल्ला करतो?
४. डोंगरावरचे रान तुटले तर आपल्या विहिरीला काय होईल?
५. गव्याच्या बाजूने एक आणि शेतकऱ्याच्या बाजूने एक, असे दोन मुद्दे आपापसांत बोला.

घरचा अभ्यास

तुमच्या घरची किती माणसे सहलीला जातील ते लिहा. एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे विचारून घ्या आणि एकूण खर्चाची बेरीज करा. बायांचे तिकीट अर्धे धरायला विसरू नका. मग वनखात्याला नुकसानीचा एक नमुना अर्ज आपल्या हाताने लिहा आणि पुढच्या वर्गात घेऊन या.